उवांच्या औषधांवर खरंच कुणी संशोधन करतं का?

मधुरा_डोंबिवली
लेक दुसरीत आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर "कृपया मुलींची डोकी तपासावीत" हा निरोप आता शुभ सकाळइतका नेमाने येतो. केमिस्टने परमेथ्रिन एक टक्क्याचं लोशन दिलं. लावलं, धुतलं, फणी फिरवली. आठवडाभर शांतता, मग पुन्हा खाजवाखाजवी.

सासूबाई म्हणतात सीताफळाच्या बिया वाटून लावू. आई म्हणते खोबरेल-कापूर. शेजारच्या काकूंनी रॉकेल सुचवलं (आता मिळतं कुठे, हा वेगळाच प्रश्न).

मला विचारायचंय ते असं की बाकी सगळ्या आजारांवर क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषधांच्या माणसांवर रीतसर चाचण्या, होतात, तशा उवांवर झाल्यात का? झाल्या असतील तर जिंकलं कोण? "आमच्याकडे अमुक लावलं आणि गेल्या" असे प्रतिसाद शक्यतो नकोत. कुणी ऐकणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते.

बंडूनाना
धाग्याचं नाव वाचल्यापासून डोकं खाजतंय. मला टक्कल आहे.

चिकूची आई
नाना, हसून हसून पुरेवाट.
मधुरा, आमच्याकडे खोबरेल-कापूर लावलं आणि गेल्या. :)

मधुरा_डोंबिवली
तिसऱ्याच प्रतिसादात!

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं सीताफळाच्या बियाच लावत. वाळवायच्या, कुटायच्या, तेलात कालवून रात्री डोक्याला चोपडायच्या आणि वर फडकं बांधायचं. सकाळी फडक्यावर उवांचा सडा. त्याला ट्रायल कशाला पाहिजे?

रत्नांग्रीकर
ठेचाभाऊ, सडा पडतो हे खरं. पण माझ्या मावसबहिणीच्या डोळ्यात ते तेल उतरलं. डोळा लाल, पाण्याच्या धारा, उजेड सहन होईना. नेत्रतज्ज्ञांनी बुबुळाला इजा झाल्याचं सांगितलं. आठवडाभर थेंब आणि पट्टी. घरातले म्हणत होते, झाडपाल्याचं औषध, त्याने काय होतंय!

औषधपाणी
पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीचं काम करतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. उवांचं संशोधन माझ्या कामाचा भाग नाही, पण घरात दोन मुली असल्यामुळे वाचलंय पुष्कळ.

रत्नांग्रीकरांनी लिहिलंय ते नेत्रतज्ज्ञांना चांगलं परिचयाचं आहे. सीताफळाच्या बियांच्या पुडीने बुबुळाचा वरचा थर सोलला गेल्याच्या नोंदी भारतातूनही आहेत आणि थायलंडमधूनही. ऊ मरते कारण बी विषारी आहे, आणि समोर ऊ आहे की माणसाचा डोळा, हा फरक त्या विषाला कळत नाही. रॉकेलबद्दल तर बोलायलाच नको. डोक्याची कातडी भाजते, आणि घरात देवापुढे निरांजन असतंच. शेतातल्या फवारणीचं औषध केसांना लावून विषबाधा झालेली मुलंही आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत येतात.

मधुराताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो. ट्रायल झाल्यात, मोठमोठ्या झाल्यात, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आल्यात. रात्री सविस्तर लिहितो.

शंकासूर
लिहा. पण पैसे कुणी दिले तेही लिहा. उवांच्या औषधाची ट्रायल म्हणजे बहुतेक वेळा औषध विकणाऱ्या कंपनीचीच ट्रायल. सोनारानेच कान टोचलेले.

आजोळ
आमच्या लहानपणी डीडीटीची पावडर डोक्यात घालत. कुणी ट्रायल केली नाही आणि आम्ही अजून आहोत. तरी आता कुणी करू नका गं बायांनो.

औषधपाणी
तर ऐका.

परमेथ्रिनपासून सुरू करतो, कारण मधुराताईंच्या हातात तेच आहे. १९८६ च्या एका ट्रायलमध्ये हेच एक टक्क्याचं औषध एकदा लावल्यावर चौदा दिवसांनी सुमारे ९७ टक्के मुलं उवामुक्त होती. मग २००९ साली अमेरिकेत स्पिनोसॅड नावाच्या नव्या औषधाची परमेथ्रिनशी तुलना झाली, हजाराहून जास्त माणसांवर. त्यात स्पिनोसॅडवाले साधारण ८५ टक्के बरे झाले आणि परमेथ्रिनवाले ४५ टक्क्यांच्याही खाली. औषध तेच होतं, मधल्या काळात ऊ बदलली.

परमेथ्रिन उवेच्या नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवून तिला लुळी पाडतं. त्या वाटेच्या जनुकात तीन ठिकाणी बदल झाले की औषध नीट चिकटतच नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ४८ राज्यांतून गोळा केलेल्या उवांचा अभ्यास छापून आला. त्यांत हे बदललेले जनुक सरासरी ९८ टक्क्यांहून जास्त प्रमाणात सापडले. मात्र जनुक बदललं म्हणजे औषध शंभर टक्के फुकट, असं नाही. २००९ च्या ट्रायलमध्ये चाळीसेक टक्के लोकांना गुण आलाच होता. आणि हे आकडे अमेरिकेतल्या उवांचे आहेत. डोंबिवलीच्या उवा अमेरिकेतल्यांसारख्याच असतील असं गृहीत धरू नका.

दुसरं औषध आयव्हरमेक्टिन. २०१० च्या ट्रायलमध्ये ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि इस्रायल इथली ३७६ कुटुंबं, ८१२ माणसं होती. आधी दुसरं औषध लावूनही ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा राहिल्या होत्या, अशी कुटुंबं निवडली. निम्म्यांना पोटात घ्यायची गोळी, निम्म्यांना मॅलाथिऑन या कीटकनाशकाचं लोशन, पहिल्या आणि आठव्या दिवशी. गोळीवाल्यांना खोटं लोशन आणि लोशनवाल्यांना खोटी गोळीसुद्धा दिली, म्हणजे कुणाला काय मिळतंय ते घरच्यांनाही कळू नये आणि तपासणाऱ्यांनाही. पंधराव्या दिवशी गोळीवाले ९५ टक्के स्वच्छ, लोशनवाले ८५.

आता माझा आवडता आकडा. २०१२ साली आयव्हरमेक्टिनच्याच लोशनची ट्रायल झाली, ७६५ माणसं. औषधवाल्या गटात पंधराव्या दिवशी ७४ टक्के बरे. दुसऱ्या गटाला तेच लोशन, फक्त औषध वगळून दिलं होतं. त्यातले १७.६ टक्के बरे झाले. म्हणजे दर सहातलं एक डोकं औषधाविनाच साफ! "आमच्याकडे लावलं आणि गेल्या" याचं वजन किती धरायचं ते तुम्हीच ठरवा. (चिकूची आई, रागावू नका.)

चिकूची आई
रागावले नाही. पण माझा कापूर उरलेल्या पाचांत असेल कशावरून नाही?

औषधपाणी
असू शकेल की! एका डोक्यावरून सांगता येत नाही, एवढंच म्हणणं.

पेडणेकरीण
आयव्हरमेक्टिन म्हणजे तीच ना, कोरोनातली? मे २०२१ मध्ये आमच्या गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायचं सरकारने जाहीर केलं होतं. आमच्या कपाटात अजून पाकीट पडलंय. कोरोनाचं काय झालं ते देव जाणे, घरातल्या उवा मात्र तेव्हाच गेल्या असणार!

औषधपाणी
तीच. कोरोनावर तिचा उपयोग चांगल्या ट्रायलमध्ये दिसला नाही, उवांवर दिसला. पण ते पाकीट फेकून द्या, तारीख उलटली असेल. आणि पोटातली गोळी वजनाप्रमाणे द्यावी लागते. १५ किलोंच्या खालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

सॉल्टलेकची_सुमा
आमच्या गावचा एक किस्सा सांगायलाच हवा. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले डेल क्लेटन पक्ष्यांच्या उवांचे अभ्यासक. इंग्लंडहून इथे आले, तर प्रयोगासाठी पाळलेल्या उवा जगेनात, कारण इथली हवा कोरडीठाक. त्यातूनच गरम हवेने माणसाच्या उवा सुकवून मारायची कल्पना निघाली. २००६ साली निबंध आला. त्यांच्या खास यंत्राने अर्धा तास हवा मारली तर अंडी जवळजवळ सगळी (९८ टक्के) आणि चालत्याफिरत्या उवा ८० टक्के मेल्या. कुठलंही रसायन नाही. गंमत म्हणजे बहुतेक औषधांना अंडीच जास्त अवघड जातात, इथे उलटं.

घरातला हेअर ड्रायर घेऊन सुरू होऊ नका मात्र. यंत्राची हवा ड्रायरपेक्षा कमी गरम पण झोत कितीतरी मोठा होता. ड्रायरने लेकराचं डोकं भाजेल.

वऱ्हाडी_ठेचा
मग मे महिन्यात नागपुरात एकही ऊ उरायला नको होती.

सॉल्टलेकची_सुमा
केसांच्या मुळाशी तिचं स्वतःचं हवामान असतं हो, ठेचाभाऊ. बाहेर ४६ असो की ६. तिथून उचलून बाहेर टाकलीत तर एक-दोन दिवसांत मरते.

शंकासूर
औषधपाणी, छान लिहिलंत, पण सोयीचं तेवढंच लिहिलंत. फणीचं काय? २००० साली वेल्समध्ये ट्रायल झाली. एका गटात ओल्या केसांतून फणी, दुसऱ्यात मॅलाथिऑन. फणीने ३८ टक्के बरे, औषधाने ७८. पाच वर्षांनी ब्रिटनमध्येच दुसरी ट्रायल, फणीचा संच विरुद्ध दुकानात मिळणारी औषधं. फणी ५७ टक्के, औषध १३! दोन्ही नामांकित नियतकालिकांत. यातलं खरं कुठलं मानायचं?

औषधपाणी
मुद्दा बिनतोड आहे. माझ्या मते दोन्ही खऱ्या, कारण दोन्हींतले प्रश्न वेगळे आहेत. २००५ वाल्यांनी औषध एकदाच लावायला दिलं होतं, पाकिटावर तसंच लिहिलेलं असे म्हणून. एकदा लावून अंडी सुटतात आणि पुढच्या आठवड्यात त्यांतून पिल्लं निघतात. शिवाय फणीसुद्धा २००० सालची ती नव्हे, संच सुधारलेला होता. आणि ट्रायलमध्ये तुलना कुणाशी केली यावर निकाल केवढा हलतो बघा. कमजोर पैलवान समोर उभा केला की कुणीही केसरी होतं. कंपन्या हे करतात, तुमची शंका रास्त आहे. पण मग फणीवाल्यांनाही तोच नियम लावा.

शंकासूर
लावतो. ५७ म्हणजे तरी शंभरातले ४३ तसेच राहिले. फणीने जातातच म्हणणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं.

यॉर्कशायरची_सून
इथे दोन मुलं शाळेत असल्याने या विषयात माझी पीएचडी झाली आहे. आमच्या इथली सरकारी आरोग्यसेवा सांगते ती पद्धत अशी. केस धुवायचे, भरपूर कंडिशनर फासायचं, गुंता काढायचा आणि मग बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत, बटेमागून बट. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदाला पुसायची. पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, आणि सतराव्या दिवशी पुन्हा तपासणी. ओल्या केसांत ऊ हलत नाही म्हणून सापडते. लांब केसांना वेळ लागतो, कार्टून लावून द्या.

औषध हवंच असेल तर डायमेटिकोन, म्हणजे सिलिकॉन. ते विषारी नाही, उवेला बाहेरून लेपून टाकतं. आधी समज होता की ती गुदमरून मरते. नंतर इथल्याच संशोधकांनी दाखवलं की तिला अंगातलं पाणी बाहेर टाकता येत नाही आणि शेवटी आतडं फुटतं. नसांवर काम करत नसल्याने परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवाही यातून सुटत नाहीत. २००५ साली त्याची फेनोथ्रिन या जुन्या औषधाशी तुलना झाली. गुण जवळपास सारखाच, ७० आणि ७५ टक्के, पण डोक्याची जळजळ २ टक्क्यांना विरुद्ध ९ टक्क्यांना.

फक्त विस्तवापासून सांभाळा. २०१८ साली इथल्या औषध नियामकांनी मुद्दाम इशारा दिला होता की यातली काही औषधं लावलेले केस पेट घेऊ शकतात.

आजोळ
आतडं फुटतं?! जेवायला बसले होते मी.

बंडूनाना
आजी, डीडीटीतून वाचलात, यातूनही वाचाल.

सिडनीकर_शिरीष
खोबरेलवाल्यांसाठी आनंदाची बातमी. ब्रिटनमध्ये २०१० च्या ट्रायलमध्ये खोबरेलापासून केलेला आणि बडीशेपेसारख्या वासाचं ॲनिस तेल घातलेला फवारा परमेथ्रिनविरुद्ध लढला. शंभर माणसं. फवारा ८२ टक्के, परमेथ्रिन ४२. आणि आमच्या ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी टी ट्री आणि लॅव्हेंडरच्या तेलाचं मिश्रण ९७ टक्क्यांवर गेलं, समोरच्या पायरेथ्रिनवाल्यांना (परमेथ्रिनचाच भाऊबंद) २५.

चिकूची आई
बघा! सांगत होते ना!

औषधपाणी
चिकूची आई, पेढे वाटायच्या आधी थांबा. एक तर त्या फवाऱ्यात खोबरेलावर प्रक्रिया केलेले घटक आहेत, आपली पॅराशूटची निळी बाटली नव्हे. दुसरं, परमेथ्रिन तिथे ०.४३ टक्क्याचं होतं, एक टक्क्याचं नव्हे. मघाशी म्हणालो तो कमजोर पैलवान हाच. घरगुती उपायांवर अमेरिकेत २००४ मध्ये प्रयोग छापून आला होता. व्हिनेगर, ऑलिव्ह तेल, मेयोनीज, वितळवलेलं लोणी, व्हॅसलिन, सगळं उवांवर ओतून पाहिलं. त्यातल्या त्यात व्हॅसलिनने बऱ्याच मेल्या आणि अंडीही थोडीच फुटली, पण बाकी सगळ्यांनी अंड्यांपुढे हात टेकले. उवा तासन् तास पाण्यात बुडवून ठेवल्या तरी मरेनात.

खोबरेल घालून फणी फिरवाल तर फायदा होईल, पण तो फणीचा. तेलाने ती सुरळीत चालते.

कापूर मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर झटके येतात.

सिडनीकर_शिरीष
अवांतर: इथल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या लोकांनी ११८ वर्गांतल्या २,२३० मुलांची डोकी तपासली आणि त्याच वेळी वर्गांची जमीनही. डोक्यांत चौदा हजारांवर उवा. जमिनीवर शून्य. तेव्हा गाद्या उन्हात घालणं, सोफा धुणं, अभ्रे उकळणं या सगळ्या हमाल्या बायकांच्या माथी मारणं थांबवा. डोक्याला डोकं लागून पसरतात. एकत्र सेल्फी काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मधुरा_डोंबिवली
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फारच भारी धागा झाला. आता मला सरळ सांगा. परमेथ्रिन लावून झालंय. पुढे काय?

औषधपाणी
आधी हे बघा की जिवंत ऊ आहे का. नुसत्या लिखा म्हणजे रोग चालू आहे असं नाही. अटलांटात २००१ साली १,७२९ मुलं तपासली, तेव्हा ज्यांच्या डोक्यात फक्त लिखा होत्या त्यांच्यापैकी जेमतेम १८ टक्के मुलांना पुढच्या चौदा दिवसांत उवा झाल्या. बाकीची कवचं रिकामी होती किंवा मेलेली. आणि नुसतं केस फिसकारून बघू नका. जर्मनीतल्या एका अभ्यासात डोळ्यांनी पाहून दहातली तीनच डोकी पकडता आली, ओल्या केसांत फणी फिरवून नऊ.

जिवंत सापडली तर औषध नवव्या दिवशी पुन्हा. अंडं फुटायला सात ते दहा दिवस लागतात आणि निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी नऊ-दहा. दुसरा हात त्या मधल्या फटीत पडला पाहिजे. केमिस्ट एक बाटली देतो आणि ही तारीख सांगत नाही. तुमची "आठवडाभराची शांतता" बहुधा हीच. शिवाय घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा, सासूबाईंसकट. दोन वेळा नीट लावूनही चालत्या उवा दिसल्या तर परमेथ्रिनचा नाद सोडा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन दुसरं काही घ्या.

मधुरा_डोंबिवली
सासूबाईंचं डोकं तपासायला मी जाणार नाही. ह्यांना पाठवते.

गृहपाल_नंदुरबार
उशिरा वाचतेय. मुलींच्या वसतिगृहावर आहे, लहान-मोठ्या मिळून दीडशेच्या आसपास मुली, एका गादीवर दोघी-तिघी. दर चार दिवसांनी कंडिशनर आणि बटेमागून बट फणी, हे वाचून हसूही आलं आणि रडूही. नवीन मुलगी आली की पूर्वी सरसकट केस कापून टाकत. मी ते बंद केलं, तर उवा वाढल्या म्हणून बोलणी खातेय. आमच्यासारख्यांसाठी कुणी काही शोधलंय का?

औषधपाणी
मॅडम, केस कापणं बंद केलंत ते अगदी योग्य. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर उवांसाठी मुलांना शाळेतून घरी पाठवू नका म्हणते, कारण ऊ कुठला रोग पसरवत नाही. तुमच्या जागी २०१० ची गोळीची ट्रायल सगळ्यात जवळची. तिच्यात घर हेच एकक धरलं होतं. एकाला नव्हे, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. वसतिगृहाला तेच लागू पडतं. निम्म्या मुलींना आज आणि निम्म्यांना पुढच्या आठवड्यात असं केलंत तर पहिल्या निम्म्या पुन्हा भरतील. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा, मुलींच्या वजनांची यादी सोबत न्या, गोळी की लोशन ते त्यांना ठरवू द्या. पालकांची संमतीही लागेल.

यॉर्कशायरची_सून
गृहपालताई, कंडिशनर नसलं तरी चालेल, साबणाच्या फेसात किंवा खोबरेलात फणी चालवा. मोठ्या मुलींच्या जोड्या लावून द्या. फणी प्रत्येकीला वेगळी मिळाली तर उत्तम, नाहीतर मधे गरम पाण्यात बुडवून. दात ०.३ मिलिमीटरपेक्षा जवळ हवेत, शक्यतो धातूचे. प्लास्टिकचे दात फाकतात आणि उवा मधून निसटतात.

गृहपाल_नंदुरबार
जोड्यांचं जमेल. रविवारी न्हाण्याचा वार असतोच. वजनकाटा शाळेतून आणावा लागेल, आमचा बंद आहे.

शंकासूर
फण्यांसाठी वर्गणी काढायची का? माझं नाव पहिलं लिहा. आणि मॅडम, औषध देण्याआधी आणि पंधराव्या दिवशी किती डोक्यांत जिवंत उवा होत्या ते वहीत लिहून ठेवा. हवं तर तक्ता मी बनवून देतो.

चिकूची आई
माझंही लिहा. धातूच्या फण्या आमच्या इथे घाऊक बाजारात मिळतात, उद्या भाव विचारून सांगते.